शिट्टी, गोणपाट आणि एक मध्यस्थ

११ फेब्रुवारी

विहीणबाईंस नमस्कार.

मुलांनी आपल्या दोघांच्या फोनवर बंदी घातली त्याला आता वर्ष होईल. ‘फोनवर तुम्ही दोघं भांडता, त्यापेक्षा पत्र लिहा, लिहिताना माणूस दोनदा विचार करतो,’ असं तुमची मुलगी म्हणाली आणि माझ्या मुलाने नंदीबैलासारखी मान हलवली. तर मी दोनदा विचार केला आहे. दोन्ही वेळा एकच विचार आला, तो लिहितो. तुमच्या कुत्र्याने माझ्या कुत्रीला जंत दिले.

शिट्टी महिनाभर खोकते आहे. आधी वाटलं मैदानावरची धूळ असेल. मग रोजच्या फेरीत ती मागे पडायला लागली. मी उभ्या आयुष्यात पोरांना पळायला शिकवण्याखेरीज दुसरं काही केलं नाही, पण शिट्टीसारखं पळणारं माझ्या हाताखालून कोणी गेलं नाही. ती मागे पडली तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, हिच्या हृदयात जंत आहेत. पोटात नव्हे, हृदयात, दोऱ्यासारखे लांबच लांब. मी म्हणालो, जंतांचं औषध मी न चुकता देतो. ते म्हणाले, ते पोटातल्या जंतांचं, हे वेगळे. उपचार केले नाहीत तर ती वाचायची नाही. आणखी डासांबद्दल काहीतरी सांगत होते, पण माझं लक्ष कुठे होतं!

एवढं मात्र ऐकलं की हे जंत मोठे व्हायला सहा-सात महिने लागतात. मागे मोजा. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि शिट्टी तुमच्या रोपवाटिकेत राहायला होती. तुमच्या त्या गोणपाटाबरोबर एका भांड्यातलं पाणी पीत होती, एका पोत्यावर झोपत होती. पुढचं मी लिहीत नाही. तुम्ही समंजस आहात असं मुलगा म्हणतो.

आपला,
व्याही

•

१९ फेब्रुवारी

व्याहीसाहेबांस नमस्कार.

शिट्टीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून वाटलं. दोन महिने ती माझ्या पायांत घोटाळत होती, मी रोपांना पाणी घालायला निघाले की पुढे पळून नळाशी उभी राहायची. बाकीचं पत्र वाचून जे वाटलं ते दोनदा विचार करून गाळलं आहे.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! माझ्या गोणपाटाला काहीही झालेलं नाही. जेवतो, झोपतो, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. गिऱ्हाईक आलं तर एक डोळा उघडतो, ओळखीचं असेल तर शेपूट हलवतो, तेही एकदाच. त्याच्या अंगावरून हातगाडी गेली तरी तो सरकायचा नाही. इतकं शांत आणि शहाणं कुत्रं पंचक्रोशीत दुसरं नाही.

तरीही तुमचं पत्र घेऊन आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. दवाखान्याच्या दारातल्या कुंड्या त्या माझ्याकडून नेतात, त्यामुळे मला घाईत कटवत नाहीत. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हे जंत एका भांड्यातलं पाणी पिऊन जात नाहीत, चाटून जात नाहीत, एका पोत्यावर झोपून जात नाहीत. दोन कुत्री जन्मभर एकमेकांना चिकटून बसली तरी एकाचे दुसऱ्याला व्हायचे नाहीत. मध्ये डास लागतोच. जंत झालेल्या कुत्र्याच्या रक्तात त्यांची पिल्लं फिरत असतात, डोळ्यांना न दिसणारी. डासाची मादी रक्त प्यायली की ती तिच्या पोटात जातात. उबदार हवा असेल तर तिथे दोनेक आठवडे मुक्काम ठोकतात, कात टाकतात, वाढतात आणि मग तिच्या सोंडेपाशी येऊन तयार बसतात. ती दुसऱ्या कुत्र्याला चावायला बसली की सोंडेतून कातडीवर उतरतात आणि तिने पाडलेल्या भोकातूनच आत शिरतात. म्हणजे दार उघडणार ती आणि पाहुणे होणार हे! डासाच्या पोटातला तो मुक्काम झाला नाही तर त्या पिल्लांची पुढची वाढच होत नाही म्हणे.

आपल्या मुलांनी लग्न परस्पर जमवलं, मध्यस्थ लागला नाही. या जंतांना मात्र मध्यस्थाशिवाय सोयरीक जुळवता येत नाही. तेव्हा चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. डासाला पत्र लिहा.

शिट्टीच्या कानामागे माझ्यातर्फे खाजवा, तिला आवडतं.

आपली,
विहीण

•

२७ फेब्रुवारी

विहीणबाईंस नमस्कार.

डासाचं मान्य. आमच्या डॉक्टरांना विचारलं, तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द खरं आहे. भांड्याचा आणि पोत्याचा आरोप मागे घेतो.

पण पत्र पुन्हा वाचताना एका जागी अडखळलो. मध्यस्थ आधी एका घरी जातो, मग दुसऱ्या. दुसरं घर माझं. पहिलं कोणाचं? डास काही जंत पोटात घेऊन जन्माला येत नाही, तो कुठल्यातरी कुत्र्याच्या रक्तातूनच ते उचलतो. डासांना तुमचं कुंपण अडवत नाही हे मला कळतं, म्हणून आरोप करत नाही. गोणपाटाचं रक्त तेवढं तपासून घ्या, एवढंच म्हणतो.

इथे शिट्टीच्या गोळ्या सुरू आहेत, एप्रिलपासून इंजेक्शनं. आणि ऐका, या सगळ्या काळात तिला पळू द्यायचं नाही! जिना नाही, उड्या नाहीत, दोरीला धरून अंगणापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, तेही महिनोन् महिने. मी डॉक्टरांना म्हणालो, मी आजवर पोरांना एकच सांगत आलो आहे. सर्दी असो, पाय आखडलेला असो, परीक्षेत नापास झालेला असो, दोन फेऱ्या मार, उतरेल. ते म्हणाले, ‘मास्तर, ही कुत्री आहे, तुमची विद्यार्थिनी नाही.’

आहे ती माझी विद्यार्थिनी. सगळ्यांत हुशार. बघू.

आपला,
व्याही

•

१० मार्च

व्याहीसाहेबांस नमस्कार.

तुम्ही बरोबर होतात. हे एवढं वाक्य लिहायला माझा चहा दोनदा गार झाला.

गोणपाटाच्या हृदयात जंत आहेत. आजकालचे नाहीत, कित्येक वर्षांचे. कुठल्यातरी पिलावळीतलं पोरकं पिल्लू म्हणून तो माझ्या फाटकाशी आला होता, त्यानंतर थोड्याच दिवसांत लागण झाली असावी. मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, अहो, पण हा तर पहिल्यापासून असाच आहे, जन्माचा आळशी. त्यांनी त्याच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, ‘हा आळशी नाही हो. हा दमलेला आहे.’

पाच वर्षं, व्याहीसाहेब. पाच वर्षं मी येईल त्या गिऱ्हाइकाला त्याचं कौतुक सांगत होते, किती शांत, किती शहाणा. तो बिचारा धाप लागू नये म्हणून पडून राहत होता. आणि मी त्याला नाव काय ठेवलं, तर गोणपाट. रोपांच्या आडोशाला बसून मी पोटभर रडले. तोही शेजारी येऊन पडला, दोन पावलं चालून दमला म्हणून.

नंतर डॉक्टरीणबाई रोपवाटिका बघायला आल्या. प्रत्येक कुंडीखाली मी हौसेने ताटली ठेवते, जमीन खराब होऊ नये म्हणून. त्यांनी एक ताटली उचलून उन्हात धरली. आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. दुसरीत तेच, तिसरीत तेच, पिंपात तर विचारू नका. मी गुलाबांपेक्षा डासांचीच लागवड जास्त करत होते! एक दुखणाईत कुत्रं, शेकडो ताटल्या, आणि त्यात तुमची शिट्टी दोन महिने पाहुणी. तुमचा आरोप भांड्यावर होता, तो ताटलीवर असायला हवा होता.

शिट्टीचं दुखणं माझ्या दारात सुरू झालं. मला माफ करा.

सगळ्या ताटल्या आता पालथ्या घातल्या आहेत, पिंपांना झाकणं आहेत. गोणपाटाची इंजेक्शनं मेमध्ये. त्याचं दुखणं जुनं आहे, त्यामुळे डॉक्टरीणबाई हातचं राखून बोलतात. आणि एक विनवणी. शिट्टीला पळू देऊ नका. तुमचं ते ‘बघू’ मला आवडलेलं नाही. इंजेक्शनने जंत मरतात, पण मेलेल्यांचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसांत जातात. कुत्रं शांत पडून असेल तर ते हळूहळू विरून जातात. पळलं, हृदय जोरात चाललं, की एकदम जाऊन अडकतात आणि कुत्रं हाती लागत नाही. रागावा माझ्यावर, पण हे ऐका.

आपली,
विहीण

•

२९ एप्रिल

विहीणबाईंस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. माफीची काही गरज नाही. पहिलं इंजेक्शन झालं. इथे सर्व ठीक. हवा छान आहे. गोणपाटाला आशीर्वाद. तुमच्या गुलाबांची भरभराट होवो.

आपला,
व्याही

•

५ मे

व्याहीसाहेब,

तुमच्या पत्रात एकही तक्रार नाही. मुलांचं लग्न ठरल्यापासून असं पत्र मला आलेलं नाही. लग्नाच्या दिवशी ज्या गुलाबांना तुम्ही चारचौघांत ‘जरा मरगळलेले’ म्हणालात त्यांच्या भरभराटीची इच्छा करता आहात, आणि शिट्टीचं नावसुद्धा कुठे नाही.

काय झालं? खरं लिहा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर मुलांची बंदी खुंटीला टांगून फोन करीन, मग भांडण झालं तरी चालेल.

विहीण

•

११ मे

विहीणबाईंस नमस्कार.

शिट्टी जिवंत आहे. आधी तेच लिहितो, कारण तुम्ही आधी तेच शोधाल.

इंजेक्शननंतर आठवडाभर ती सुरेख होती. खोकला थांबला, जेवण वाढलं. एके दिवशी सकाळी दोरी तोंडात धरून माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. मला वाटलं, खेळाडूचं शरीर स्वतःच सांगतं. पोरं दुखापतीतून उठली की मी त्यांना हलकी फेरी मारायला लावतो, तसंच हे. मैदानाला जेमतेम अर्धा वळसा, तोही सावकाश. तुमचं पत्र पाठ होतं मला, तरी गेलो. पलीकडच्या वळणावर ती थांबली, खाली बसली आणि खोकली. गवतावर रक्त पडलं.

उचलून रस्त्यापर्यंत आणली. ऑपरेशन झालेला गुडघा काय म्हणत होता ते ऐकायला वेळ नव्हता. पाव पोचवणाऱ्याने गाडी थांबवली आणि पावांच्या क्रेटमध्ये जागा करून आम्हाला दवाखान्यात नेलं. तिथे नळ्या, प्राणवायू, सगळं झालं. बरेच दिवस ती माझ्याकडे बघत होती पण उठत नव्हती. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘तिला माहीत नव्हतं, मास्तर. तुम्हाला माहीत होतं.’ रागावले असते तर बरं झालं असतं.

आता घरी आणली आहे. महिनाअखेरीला उरलेली दोन इंजेक्शनं. तोवर आणि त्यानंतरही तिने जागचं हलायचं नाही, नाहीतर या वेळी वाचणार नाही, हे मला स्पष्ट सांगितलं आहे.

तुम्हाला वाटेल, या माणसाला एवढं साधं कळत नाही का. कळतं. पण तिला बसवायचं म्हणजे मला तिच्याजवळ बसावं लागतं. मी उठलो की ती उठते. आणि माझी बायको गेल्यापासून मी या घरात बसलेलोच नाही. सकाळी मैदान, दुपारी मैदान, संध्याकाळी मैदान, घरी यायचं ते झोपायला. बसलं की घर दिसतं. खिडकीशी तिची खुर्ची आहे ती दिसते. मुलाला हे मी कधी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

पळायचं कसं ते मला सगळं येतं. बसायचं कसं असतं, विहीणबाई?

आपला,
व्याही

•

१६ मे

व्याहीसाहेबांस नमस्कार.

तुम्ही केलंत ते चुकलंच, आणि तुमचे डॉक्टर बोलले त्यात मी भर घालणार नाही. शिट्टी वाचली. आता कानाला खडा लावा आणि पुढचं ऐका.

रिकाम्या हाताने बसू नका. रिकाम्या हाताने मीसुद्धा बसू शकत नाही. आमचे हे गेले तेव्हा मी अंगणात चार कुंड्या मांडल्या, त्याची रोपवाटिका झाली. लोकांना वाटतं मला फुलांची आवड होती. सोबत खोकं पाठवते आहे. त्यात टोमॅटोचं बी आहे, माती आहे, छोटे कप आहेत. पेरा आणि बसून राहा. रुजलं का हे बघायला रोज उकरायचं नाही. निम्मी रोपं लोक प्रेमाने उपटून बघतात म्हणून मरतात. आणि कपांखाली ताटली ठेवाल तर खबरदार!

खुर्चीचं म्हणाल, तर तिच्यात तुम्हीच बसा. रिकाम्या खुर्चीसमोर बसणं फार अवघड, तिच्यात बसणं त्यामानाने सोपं. पहिल्या दिवशी जड जाईल. दुसऱ्या दिवशीही जाईल. मग एके दिवशी तुमच्या लक्षात येईल की त्या खिडकीतून त्यांना काय दिसत होतं.

गोणपाटाचं पहिलं इंजेक्शन काल झालं. विश्रांती घ्यायचं त्याला शिकवावं लागत नाही, त्या विषयात तो आपल्या दोघांचा गुरू आहे. पण मला भीती वाटते. त्याचा श्वास मोजत बसते आणि मग मोजायचं विसरते.

आपली,
विहीण

•

२० जुलै

विहीणबाईंस नमस्कार.

आज पहिल्यांदा लिहिण्यासारखं काही आहे. शिट्टीला पळायची परवानगी मिळाली!

दोन महिने मी बसलो. तुम्ही म्हणालात तसं पहिले काही दिवस जड गेले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्या खिडकीतून मैदानाचं अर्धं वळण दिसतं, हे मला माहीतच नव्हतं. मी पोरांना पळवायचो तेव्हा बायको इथे बसून बघायची म्हणजे. शिट्टी पायावर डोकं ठेवून पडायची, पाय बधिर व्हायचा, मी हलवायचो नाही. टोमॅटो मी ओळींनी लावले आणि कोण पुढे जातं ते बघत बसलो. तिसऱ्या ओळीतल्या एका बारक्या रोपाने शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना मागे टाकलं. मी टाळ्या वाजवल्या तर शिट्टी दचकली, मग तिची समजूत काढली.

डॉक्टरांनी आज बराच वेळ छाती ऐकली. पुढच्या वर्षी रक्त पुन्हा तपासायचं आहे, दर महिन्याची गोळी कायमची मागे लागली आहे, म्हणजे डास चावला तरी आत शिरलेली पिल्लं मोठी होण्याआधीच मरतील. पण हृदय ठणठणीत आहे. मैदानावर नेलं, दोरी सोडली. ती सुटली ना विहीणबाई! मी उभा राहून बघत होतो आणि रडत होतो. पूर्वी तिथे मी फक्त हरलेल्या पोरांना रडताना बघायचो.

गोणपाटाची खबर लवकर कळवा. तुमच्या पत्राची वाट बघतो आहे, आणि हे मी दोनदा विचार करून लिहितो आहे.

आपला,
व्याही

•

२ सप्टेंबर

मास्तरांस नमस्कार.

गोणपाटाला पुढची इंजेक्शनं जड गेली. दोन दिवस तो जेवला नाही, डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ येऊन जात होत्या, म्हणून तुम्हाला काही कळवलं नाही. चांगलं कळवायला मिळेल तेव्हाच लिहायचं असं ठरवलं होतं. काल त्यांनी नळी लावून त्याची छाती ऐकली आणि म्हणाल्या, ‘सोडा याला.’ मी हसले. म्हटलं, याला कुठून सोडू, याला बांधलंय कोणी? हा पोत्यावरून उठायचा नाही.

तो उठला. अंग झाडलं. फाटकापर्यंत चालत गेला, मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि पळत सुटला.

गुलाबांच्या दोन्ही ओळींमधून गेला. शेवंतीतून गेला. विक्रीला मांडलेल्या कुंड्या पाडल्या, मातीच्या ढिगावर चढला, उतरला, एका गिऱ्हाइकाला कोपऱ्यात उभं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी झाडू घेऊन ओरडत मागे धावत होते. मग माझं मलाच कळलं की मी कशासाठी ओरडते आहे, आणि झाडू टाकून मटकन खाली बसले. पाच वर्षांत मी त्याला पळताना पाहिलं नव्हतं. त्याला पळता येतं हे मला माहीत नव्हतं. त्यालाही नसावं, कारण वळणावर थांबायचं कसं ते त्याला कळेना आणि तो सरळ पालथ्या ताटल्यांच्या ढिगावर जाऊन आदळला. उठला, माझ्याकडे बघून जीभ बाहेर काढली आणि परत निघाला.

आज सकाळपासून तो फाटकाशी उभा आहे. माझ्या गुडघ्यांना हे जमणार नाही, आणि कुंड्याही फार उरलेल्या नाहीत. तुम्ही शिट्टीला घेऊन या. तुमच्यासाठी एक विद्यार्थी आहे. अंगाने जाड आहे, वयाने मोठा आहे, वळता अजिबात येत नाही. पण पाच वर्षांचं पळणं त्याच्या अंगात साचलेलं आहे, मास्तर, आणि त्याला ते सगळं आत्ताच पळायचं आहे.

आपली,
विहीण